शेपटी चावली तर आधी पाण्याचं निपल बघा: नव्या वराहपालकासाठी खुराकाचे धडे

एका कप्प्यात दहा-बारा वाढती डुकरं आहेत. सकाळी एकाच्या शेपटीला रक्त दिसतं. आपण जखमेवर औषध लावतो, चावणारं शोधून वेगळं काढतो आणि सुटलो म्हणतो. दोन दिवसांनी दुसऱ्याची शेपटी जाते आणि या वेळी चावणारंही दुसरंच असतं. मग "ही खेपच वाईट निघाली" असं म्हणून विषय संपतो.

खेपेला दोष देण्याआधी पाणी, खाण्याची कुंडी आणि खुराकाचं पोतं या तीन गोष्टी याच क्रमाने तपासायच्या, एवढं मी इतक्या वर्षांत शिकलो. खुराकात काही बिघडलं की डुकराच्या अंगावर दिसायच्या आधी ते त्याच्या वागण्यात दिसतं. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी औषधांची यादी पाठ करण्याआधी पुढच्या पायऱ्या अंगवळणी पाडाव्यात.

पहिली पायरी: खाणं टाकण्याआधी दहा मिनिटं नुसतं उभं राहा

हातात बादली न घेता शेडमध्ये जा, कारण बादली दिसली की सगळीच डुकरं उठून ओरडायला लागतात आणि खरं काही कळत नाही. बरी असलेली डुकरं एका अंगावर सैल पडलेली असतात. एकमेकांवर ढीग करून झोपली असतील तर त्यांना थंडी वाजते आहे आणि खाल्लेला खुराक अंग गरम ठेवण्यातच खर्ची पडतो आहे. शेपट्या बघा. वेटोळं घातलेली किंवा हलती शेपटी ठीक. पण एकाच कप्प्यात तीन-चार शेपट्या खाली लोंबत किंवा पायात दाबलेल्या दिसल्या तर समजा, चावाचावी सुरू होण्याच्या बेतात आहे. रक्त दिसण्याआधी काही दिवस हा इशारा मिळू शकतो आणि तो फुकट आहे.

मग खाणं टाका आणि कोण येत नाही ते बघा. डुकरांना एकत्र खायची सवय असते. सगळी कुंडीवर आली आणि एक मागे राहिलं, तर ते आजारी आहे किंवा त्याला जागा मिळत नाही. दोन्ही गोष्टी आपल्याच कामाच्या. दोन वेळा मोजून खाणं देत असाल तर सगळी डुकरं खांद्याला खांदा लावून एकाच वेळी उभी राहतील एवढी कुंडी लांब हवी. शंभर किलोच्या डुकराला साधारण ३० सेंटिमीटर लागतात. कुंडी आखूड असली की दांडगी डुकरं जास्त खातात, दुबळी चावरी होतात, आणि सगळ्या कप्प्याची वाढ वेडीवाकडी होते.

विष्ठेकडेही एक नजर टाका. आकार धरलेली, मऊ विष्ठा चांगली. सुक्या गोट्या म्हणजे पाणी किंवा चोथा (तंतुमय खाणं) कमी पडतो आहे. डांबरासारखी काळी असेल तर पोटात रक्तस्राव आहे. त्यावर पुढे बोलू.

दुसरी पायरी: पाणी, आणि माझी एक चूक

मोठी डुकरं एक किलो कोरड्या खुराकामागे दोन ते तीन लिटर पाणी पितात, उन्हाळ्यात याहून जास्त. दूध पाजणाऱ्या मादीला दिवसाला २० ते ४० लिटर लागतं. पाणी कमी पडलं की पहिल्यांदा खाणं कमी होतं, आणि आपण दोष खुराकाला देतो.

निपल, म्हणजे डुकराने तोंडाने दाबलं की पाणी सोडणारी तोटी, आहे म्हणून पाणी आहे, असं धरू नका. एक मापी भांडं निपलखाली धरून घड्याळात एक मिनिट मोजा. नुकत्याच दूध तोडलेल्या पिल्लांना मिनिटाला अर्धा लिटर, वाढत्या डुकरांना एक लिटर, पाजणाऱ्या मादीला दोन लिटर किंवा जास्त धार हवी. डुक्कर निपलपाशी उभं राहून तासभर पाणी पीत बसत नाही. धार बारीक असली की ते अर्धवट पिऊन निघून जातं किंवा मागच्याशी भांडतं. निपलची उंची कप्प्यातल्या सर्वांत लहान डुकराच्या खांद्याच्या जरा वर ठेवा आणि वाढीप्रमाणे वर सरकवत जा.

माझ्या पहिल्याच वर्षी शेड धुतल्यावर एका बाजूच्या पाइपची तोटी बंदच राहिली. राहिली कसली, मीच विसरलो. दुसऱ्या दिवशी त्या कप्प्यात खाणं उरलं. मी म्हटलं, ऊन आहे. तिसऱ्या दिवशी एक डुक्कर कुत्र्यासारखं मागच्या पायांवर बसून नाक वर करत होतं, मग मागे मागे सरकत आडवं पडून झटके द्यायला लागलं. दुसरं एक भिंतीला डोकं टेकवून तसंच उभं होतं. त्याच्या डोळ्यासमोर हात हलवला तरी पापणी लवेना. मला वाटलं मेंदूचा ताप. तोटी बंद असल्याचं लक्षात आल्यावर मी घाईने तोटी पूर्ण सोडली, आणि तिथे दुसरी चूक केली.

याला मिठाची विषबाधा म्हणतात. मीठ नेहमीएवढंच असलं तरी पाणी तुटलं की ती होते. रक्तात आणि मेंदूत सोडियम साठतं, आणि अशा वेळी एकदम पोटभर पाणी मिळालं की ते मेंदूकडे ओढलं जाऊन मेंदूला सूज येते. म्हणून पाणी थोडं थोडं, थोड्या थोड्या वेळाने द्यायचं आणि लगेच डॉक्टरांना बोलवायचं. माझी दोन डुकरं गेली. तेव्हापासून रोज सकाळी मी प्रत्येक निपल अंगठ्याने दाबून बघतो.

तिसरी पायरी: वय बघून खुराक

एकच पोतं सगळ्यांना घालणं ही नवख्याची हमखास चूक. वयाप्रमाणे पोटही वेगळं असतं.

जन्मलेल्या पिल्लाकडे रोगाशी लढायची शिदोरी जवळपास नसते, कारण आईच्या रक्तातली प्रतिकारद्रव्यं वारेतून पिल्लापर्यंत पोहोचत नाहीत. ती फक्त चिकातून मिळतात. ही द्रव्यं आतड्यातून तशीच्या तशी शोषली जाण्याचा काळ पहिल्या चोवीस तासांचा, आणि त्यातही पहिले काही तास खरे. प्रत्येक पिल्लाच्या पोटात किमान २०० ते २५० ग्रॅम चीक जायला हवा. मोठी वेत असली की थोराड पिल्लांना काही वेळ टोपलीत ठेवून बारक्यांना आधी सडांना लावा. सडांवरून होणारी भांडणं बघायला गंमत वाटते, पण त्यातूनच कोणतं पिल्लू कोणत्या सडाला हे ठरतं आणि पुढे तेच टिकतं. म्हणून पिल्लं दुसऱ्या मादीखाली लावायची असतील तर चीक पाजून झाल्यावर, पण पहिल्या एक-दोन दिवसांतच लावा.

लोहाचा हिशेब तर कागदावर मांडण्यासारखा आहे. पिल्लू जन्मताना अंगात सुमारे ५० मिलिग्रॅम लोह घेऊन येतं, रोज ७ मिलिग्रॅमच्या आसपास खर्च करतं आणि आईच्या दुधातून त्याला जेमतेम १ मिलिग्रॅम मिळतं. आठवड्याभरात शिल्लक संपते. कान फिके पडतात, केस उभे राहतात, पिल्लू धापा टाकतं. म्हणून पहिल्या तीन-चार दिवसांत २०० मिलिग्रॅम लोहाचं इंजेक्शन देतात. मोकळ्या मातीत उकरणाऱ्या पिल्लांना हा त्रास क्वचित होतो, कारण त्यांना माती लोह पुरवते. सिमेंटच्या फरशीवर तो आधार नसतो.

दूध तोडणं हा सगळ्यात नाजूक टप्पा. आदल्या दिवसापर्यंत जवळपास तासातासाला कोमट दूध मिळत होतं, आणि आज आई नाही, जागा नवी, समोर कोरडा भुगा. बरीच पिल्लं पहिला दिवसभर काही खात नाहीत. मग भूक अनावर होऊन एकदम हादडतात. त्यांच्या जठरात अजून पुरेसं आम्ल तयार होत नसतं, आतड्याच्या आतली बारीक लव उपाशीपोटी झडलेली असते. न पचलेलं प्रथिन पुढे मोठ्या आतड्यात सडतं, ई. कोलाय जिवाणू फोफावतात आणि पाण्यासारखी हगवण लागते. इथे औषधापेक्षा हाताची सवय जास्त उपयोगी पडते. पिल्लं दहा-बारा दिवसांची झाली की चिमूटभर कोरडा खुराक ताटलीत ठेवायला लागा आणि उरलेला रोज फेकून ताजा घाला, शिळ्याला ती तोंड लावत नाहीत. दूध चौथ्या आठवड्याच्या आधी तोडायची घाई करू नका. तोडल्यावर तोच खुराक काही दिवस ठेवा, कोमट पाण्यात कालवून दिवसातून चार-पाच वेळा, थोडाथोडा द्या. फार लवकर तोडलेली पिल्लं एकमेकांच्या पोटाला नाकाने ढुसण्या देत बसतात. लोकांना वाटतं खेळताहेत. ती सड शोधत असतात.

वाढत्या डुकरांचं त्या मानाने सोपं आहे. तोडलेल्या पिल्लांना खुराकात २० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं, वीस-पन्नास किलोच्या टप्प्यात १६ ते १८ टक्के, त्यापुढे १३ ते १५ टक्के. जास्त घातलं तर जास्त वाढेल हा समज सोडून द्या. नको असलेलं प्रथिन मूत्रावाटे बाहेर पडतं, त्याचा अमोनिया होतो, आणि शेडमध्ये शिरल्यावर डोळे चुरचुरतात. तुमचे चुरचुरतात तसे त्यांचेही.

गाभण मादीचं कोडं उलटं आहे. तिला रोज दोन-अडीच किलो खुराक पुरतो, जास्त दिला तर ती लठ्ठ होते, विताना अडते आणि व्यायल्यावर नेमकं खायचं तेव्हा खात नाही. पण तेवढा खुराक ती पंधरा-वीस मिनिटांत संपवते आणि उरलेला दिवस भुकेली राहते. मग गज चावत बसणं, तोंड रिकामंच चघळत फेस काढणं, साखळीशी झटणं सुरू होतं. गव्हाचा कोंडा, चिरलेला हिरवा चारा, स्वच्छ पेंढा असा चोथा वाढवला की कॅलरी न वाढता पोट भरतं आणि कप्पा शांत होतो. युरोपीय संघात तर गाभण मादीला पुरेसा चोथ्याचा खुराक देणं कायद्यानेच बंधनकारक आहे. मादीचं अंग ओळखायला हाताचा तळवा तिच्या कमरेच्या हाडावर ठेवा. न दाबता हाड लागलं तर ती रोड, चांगलं दाबल्यावर लागलं तर ठीक, दाबूनही लागलं नाही तर लठ्ठ.

विण्याच्या आधीच्या दिवसांत बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, नाहीतर व्यायल्यावर ताप, सडांना सूज आणि दूध आटणं हे एकापाठोपाठ येऊ शकतं. व्यायल्यावर खुराक रोज थोडा वाढवत आठवड्याभरात सहा किलो किंवा त्याहून वर न्या. पाजताना खंगलेली मादी दूध तोडल्यावर वेळेवर माजावर येत नाही. एरवी ती चार ते सात दिवसांत येते.

चौथी पायरी: पोत्यात हात घाला

पोत्यावरचा प्रथिनांचा आकडा अर्धंच सांगतो. प्रथिन म्हणजे वेगवेगळ्या रंगांच्या मण्यांची माळ, आणि हे मणी म्हणजे अमिनो आम्लं. एका रंगाचे मणी संपले की बाकीचे वाटीत तसेच पडून राहतात. धान्यावर पोसलेल्या डुकराच्या बाबतीत आधी संपणारा मणी म्हणजे लायसिन. मक्यात लायसिन कमी, ट्रिप्टोफॅन हा दुसरा मणीही कमी. म्हणून नुसत्या मक्याच्या भरड्यावर डुकराला चरबी चढते, मांस भरत नाही. सोयापेंडीने ही उणीव बरीच भरून निघते, पण कच्चं सोयाबीन घालू नका. त्यातली द्रव्यं प्रथिनांचं पचन अडवतात, ती उष्णतेनेच मरतात. ट्रिप्टोफॅनपासून मेंदूत सेरोटोनिन बनतं, ज्याचा शांतपणाशी संबंध आहे. त्यामुळे निव्वळ मक्यावरचा कप्पा चिडखोर असला तर मला आश्चर्य वाटत नाही. मीठही बघा, किलोमागे तीन ते पाच ग्रॅम. ते कमी पडलं की डुकरं मूत्र चाटतात आणि एकदा रक्ताची चव लागली की शेपटी सोडत नाहीत.

दळण्याचा जाडेपणा बोटांत चोळून बघा. रव्यासारखा लागला पाहिजे, मिलिमीटरच्या सहा-सात दशांशाएवढा. विष्ठेत अख्खे दाणे दिसले तर दळण जाड आहे. पण पिठासारखं बारीक दळल्यावर दुसरं संकट येतं: जठरातला ऐवज पातळ होतो आणि अन्ननलिका जिथे जठराला मिळते त्या उघड्या भागापर्यंत आम्ल उसळतं. तिथे संरक्षक बुळबुळीत थर नसतो, म्हणून अल्सर होतो. डुक्कर फिकं पडतं, दात खातं, काळी विष्ठा टाकतं आणि कधीकधी धडधाकट दिसणारंच एका रात्रीत मरून पडतं. खाण्याच्या वेळा चुकवल्या, मध्ये एक दिवस पोती संपली, तरी हेच होतं.

खनिजांबद्दल फार लिहीत नाही, तयार खनिज मिश्रण मापात घाला आणि वरून चुना टाकायचा मोह टाळा. कॅल्शियम फार झालं की जस्त अंगी लागत नाही आणि पोटावर, पायांवर जाड, भेगाळलेली खपली धरते. खरूज समजून लोक महिना महिना मलम चोळतात. फरक असा की खरजेत डुक्कर भिंतीला अंग घासून घासून सोलून घेतं, या खपलीला फारशी खाज नसते.

बुरशीच्या बाबतीत मात्र अजिबात तडजोड नको. वय न झालेल्या माद्यांची योनी माजावर आल्यासारखी लाल आणि सुजलेली दिसली तर मक्यातल्या झिअरालेनोन या बुरशीच्या विषाचा संशय घ्या. सगळा कप्पा एकाच दिवशी खुराकाला तोंड लावेनासा झाला किंवा ओकायला लागला तर डीऑक्सिनिव्हॅलेनोल या दुसऱ्या बुरशी-विषाचा. अफलाटॉक्सिन हे तिसरं विष यकृत खातं, वाढ मंदावते आणि ते महिनोन्महिने कळतही नाही. हिरवट दाणे वेचून काढले, ऊन दाखवलं, तरी विष जात नाही. १४ टक्क्यांपेक्षा ओलं धान्य साठवू नका, पोती जमिनीला आणि भिंतीला टेकू देऊ नका.

पाचवी पायरी: काय घालू नये

उरलंसुरलं अन्न घालायचा मोह सगळ्यांना होतो, कारण डुक्कर नाही म्हणत नाही. २००१ साली ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकुताची जी साथ आली तिचा उगम न उकळलेलं अन्न खाल्लेल्या डुकरांपर्यंत जाऊन पोहोचला, आणि साठ लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. २००७ साली जॉर्जिया या देशात आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा रोग शिरला तोही बंदरावर उतरलेल्या जहाजातल्या खरकट्यातून, असं मानलं जातं. या रोगावर औषध नाही आणि त्याचा विषाणू गोठवलेल्या, खारवलेल्या मांसात महिनोन्महिने जगतो. मांस असलेलं किंवा मांसाला लागलेलं काहीही घालू नका. बऱ्याच देशांत असं अन्न घालायला बंदी आहे. अमेरिकेत जिथे परवानगी आहे तिथेही १०० अंश सेल्सिअसला ३० मिनिटं उकळण्याची अट आहे. तुमच्याकडचा नियम आधी विचारून घ्या.

हिरवे पडलेले किंवा मोड आलेले बटाटे नकोत. गाईचा खुराकही नको. त्यात युरिया असेल तर तो गाईच्या पोटातले जंतू वापरतात, डुकराच्या पोटात ती सोय नाही. आणि जाता जाता: शेजारी मेंढ्या असतील तर डुकरांचं खाद्य त्यांच्या तोंडी लागू देऊ नका. डुकराला चालणारं तांबं मेंढीला मारतं.

सहावी पायरी: पोट भरलं, तोंड भरलं नाही

हे पुस्तकी वाटेल, पण शेपटीच्या प्रश्नाचा अर्धा जीव इथे आहे. मोकळं डुक्कर जागेपणाचा बराचसा वेळ नाकाने उकरण्यात आणि चघळण्यात घालवतं. कुंडीतला खुराक त्याची भूक भागवतो, उकरण्याची ओढ भागवत नाही. समोर उकरायला काही नसेल तर नाक आणि दात शेजाऱ्याकडे वळतात. ओंजळभर स्वच्छ पेंढा रोज टाका. एकदाच भारा टाकून चालत नाही, मळला की त्यांना त्यात रस उरत नाही. टांगलेली साखळी दोन दिवसांत जुनी होते. चावता येणारं, तुटणारं आणि खाता येणारं असं काही दिलं तर तोंड कामात राहतं.

उन्हाचंही याला धरूनच. डुकराला घाम जवळजवळ येत नाही, पचनाची उष्णता त्याला नकोशी होते आणि ते कमी खातं. उन्हाळ्यात मोठा वाटा पहाटे आणि रात्री द्या.

सातवी पायरी: बदल आठवड्याचा, नोंद रोजची

खुराक बदलताना जुन्यात नवा मिसळत पाच-सात दिवस घ्या. नवी चव, नवा वास डुकरांना आधी संशयास्पद वाटतो आणि आतड्यातल्या जंतूंनाही जुळवून घ्यायला वेळ लागतो. वहीत रोज तीनच गोष्टी लिहा: किती घातलं, किती उरलं, काय वेगळं दिसलं. महिन्यातून एकदा चार-पाच डुकरांचं वजन घ्या, दर वेळी तीच डुकरं धरा.

आणि खुराकाची नवीन खेप आली की प्रत्येक पोत्यातून मूठ मूठ काढून अर्धा किलो खुराक कोरड्या बरणीत भरा, वर तारीख लिहा. ती खेप संपल्यावरही महिनाभर बरणी जपून ठेवा. सगळी डुकरं एकदम ओकायला लागली आणि डॉक्टरांनी विचारलं, "परवा काय घातलं होतं?" तर तोवर पोतं रिकामं झालेलं असतं. बरणी हातात देता येते.